वाफ थांबेपर्यंत

वॉफलच्या यंत्रावर एक छोटा दिवा असतो. तो हिरवा झाला की वॉफल तयार झालं असं समजावं, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्या बिचाऱ्या दिव्याला वॉफलबद्दल काहीच ठाऊक नसतं. आतल्या प्लेटा ठरलेल्या तापमानाला पोचल्या की नाही, एवढंच त्याला कळतं. पीठ कुरकुरीत झालंय की आतून अजून ओलंच आहे, हे ओळखणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ते कळतं वाफेवरून. झाकण बंद केल्यावर मिनिटाभरात यंत्राच्या कडांमधून वाफेचे लोट निघू लागतात. मग ते विरळ होतात, त्यांची रेघ बारीक होते आणि तीन ते पाच मिनिटांनी वाफ जवळजवळ दिसेनाशी होते. तेव्हा झाकण उघडायचं. दिवा त्याआधी कितीदाही हिरवा होवो.

घरी केलेली वॉफलं मऊ, चिवट, दमट निघाली की दोष पाककृतीला दिला जातो. मग दुसरी पाककृती शोधली जाते, तिसरी शोधली जाते, आणि शेवटी यंत्र माळ्यावर जातं. पाककृती बहुतेक वेळा निर्दोष असते. वॉफल बिघडतं ते आत राहिलेल्या पाण्यामुळे. पीठ किती घट्ट असावं, लोणी किती घालावं, यंत्र किती तापवावं, तयार वॉफल कशावर ठेवावं, या साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: भिजवताना घातलेलं पाणी भाजताना बाहेर कसं काढायचं.

पाणी सुमारे १०० अंश सेल्सियसला उकळतं. पिठाच्या ज्या भागात पाणी शिल्लक आहे, तिथलं तापमान या आकड्याच्या फारसं वर जाऊच शकत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खमंग तपकिरी रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने चढू लागतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि काही शर्करा यांच्या त्या रासायनिक क्रियेला लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. १९१२ मध्ये त्याने तिचं पहिलं वर्णन केलं. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा, मग तापायला हवा, मग रंग. घाईने साखर वाढवली तर रंग लवकर चढतो खरा, पण तो फसवा असतो. बाहेरून भाजलेलं दिसणारं वॉफल आत ओलसर असतं, आणि ताटलीत येईपर्यंत आतलं पाणी बाहेर झिरपून कवच मऊ पडतं.

इथे वॉफलच्या चौकटींचं काम सुरू होतं. वॉफलवरचे खण पाक साठवण्यासाठी असतात असा एक गोड समज आहे. पाक त्यांत साठतो हे खरंच, पण खणांचा मोठा उपयोग भाजताना होतो. हिशोब करून पाहू. समजा एकेक खण १२ मिलिमीटर बाजूचा आणि १० मिलिमीटर खोल आहे, आणि एका खणाच्या मध्यापासून शेजारच्या खणाच्या मध्यापर्यंतचं अंतर २० मिलिमीटर आहे. सपाट तव्यावर तेवढ्या जागेत ४०० चौरस मिलिमीटर पीठ धातूला टेकलं असतं. खण पाडल्यावर त्याच्या चार भिंतींचे ४८० चौरस मिलिमीटर वाढतात. एकूण ८८०, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय खालून आणि वरून दात आत घुसलेले असल्यामुळे पिठाचा कुठलाही कण गरम धातूपासून फार दूर राहत नाही. केकला अर्धा तास लागतो आणि जवळपास त्याच जिनसांचं वॉफल पाच मिनिटांत होतं, ते यामुळे. केकमध्ये मऊ गर भरपूर आणि कवच नावापुरतं. वॉफलमध्ये कवच भरपूर आणि गर जेमतेम.

आप्पेपात्राशिवाय आप्पे होत नाहीत, पीठ इडलीचं असो, रव्याचं असो की गुळाचं. वॉफलचं तसंच आहे. पीठ देशोदेशी बदललं, शतकाशतकाला बदललं; कायम राहिली ती एकमेकींवर मिटणारी, नक्षी कोरलेली लोखंडाची जोडी.

ही जोडी युरोपात मध्ययुगातली. चर्चमधल्या प्रसादाची पातळ, बिनखमिराची पोळी भाजायला लांब दांड्यांचे लोखंडी चिमटे असत. दोन तबकड्या, मधे पीठ, आणि चुलीतल्या आगीवर धरून आधी एक बाजू, मग दुसरी. तबकड्यांवर धार्मिक चित्रं कोरलेली असत. पुढे हे चिमटे धार्मिक कामापुरते राहिले नाहीत. श्रीमंत घराणी आपली कुलचिन्हं त्यांवर कोरून घेऊ लागली, आणि पश्चिम युरोपच्या स्वयंपाकघरांत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खणांचे साचे आले.

साधारण १३९३ मध्ये पॅरिसमधल्या एका प्रौढ गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी घरसंसाराचं एक पुस्तक लिहिलं. 'ल मेनाजिए द पारी' या नावाने ते ओळखलं जातं; लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात वॉफलच्या चार पद्धती दिल्या आहेत. पहिलीत अंडी फेटून त्यात मीठ, वाइन आणि पीठ घालायचं. दुसरीत चीज. चौथीत अंडं नाही, चीज नाही. नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि वाइन. बिनअंड्याचं वॉफल म्हणजे भारतीयांनी केलेली तडजोड असं ज्यांना वाटतं, त्यांना सहाशे वर्षांपूर्वीची ही चौथी पद्धत दाखवावी. साखरेचा तिथे पत्ता नाही, फुगवणाऱ्या पदार्थाचा तर नाहीच. ती वॉफलं पातळ आणि कडक होत असणार. लोखंडाला पीठ चिकटत असेल तर कापडाला तेल किंवा चरबी लावून त्याने आधी साचा पुसून घ्यावा, असाही सल्ला तो देतो. हा सल्ला आजच्या नॉनस्टिक यंत्रालाही लागू आहे, आणि पुस्तिकेतल्या दिव्याच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

१५५९ मध्ये पीटर ब्रॉयगल याने रंगवलेलं एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. उपवासाच्या चाळीस दिवसांआधीचा मौजमजेचा सण आणि खुद्द उपवास यांची लढाई असा त्याचा विषय. फ्लँडर्समधला चौक माणसांनी खच्चून भरलेला आहे, आणि मौजमजेच्या बाजूला उघड्या आगीवर वॉफलं भाजणारी एक बाई दिसते. उपवासात दूध, लोणी, अंडी वर्ज्य असत; तेव्हा घरातला साठा सण संपायच्या आत संपवायला वॉफलांइतका सोयीचा पदार्थ दुसरा नव्हता. आपल्याकडे आषाढ तळतात, त्यामागचा विचार फार वेगळा नाही.

डच वसाहतकऱ्यांबरोबर हे साचे अमेरिकेत गेले. तिथे कोळशाच्या लोखंडी शेगड्या आल्या, तेव्हा लांब दांड्यांचा चिमटा अडचणीचा झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्थाउटने शेगडीच्या तोंडावर बसेल आणि मुठीने धरून जागच्या जागी उलटवता येईल असा साचा बनवला. २४ ऑगस्ट १८६९ रोजी त्याला पेटंट मिळालं. अमेरिकेत तीच तारीख आता वॉफलचा दिवस म्हणून पाळतात. उलटवण्याची कटकट विजेच्या यंत्रांनी संपवली, कारण वर आणि खाली दोन्हीकडे तापणाऱ्या तारा बसवता आल्या. गॅसवरचा साचा आजही मिळतो आणि तो वाईट नाही. पण त्याची एक बाजू तापत असताना दुसरी निवत असते, म्हणून त्याला सारखं उलटवत राहावं लागतं.

आता पीठ. चार-पाच वॉफलांसाठी १०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ आणि एक मोठा चमचा साखर एकत्र चाळून घ्यावी. दुसऱ्या भांड्यात एक अंडं, २०० मिलिलिटर दाट ताक आणि ६० ग्रॅम वितळलेलं लोणी फेटावं. मग ओलं कोरड्यात ओतून जेमतेम कालवावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं.

या यादीतल्या बहुतेक जिनसा पाण्याशी असलेल्या नात्यानेच इथे आल्या आहेत. मैद्यातली प्रथिनं ओली होऊन घोटली गेली की ग्लूटेनचं चिवट जाळं तयार होतं. पोळीच्या कणकेत आपल्याला तेच हवं असतं, म्हणून आपण ती तिंबतो. इथे ते नको आहे. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लूटेन नसतं; ते मिसळल्याने मैद्याचा जोर कमी होतो आणि कवच ठिसूळ, कडकडीत होतं. तांदळाची बारीक पिठीही हे काम करते. कालवताना गुठळी दिसली की ती मोडल्याशिवाय मराठी हाताला चैन पडत नाही, पण वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहू द्याव्यात. दहा मिनिटांच्या विश्रांतीत त्या बऱ्याचशा भिजतात, उरलेल्या भाजताना मुरतात.

ताकाबद्दल सावध राहायला हवं. पाश्चात्त्य पाककृतींमधलं ताक बाजारात विरजण लावून दाट केलेलं असतं, जवळपास आपल्या फेटलेल्या दह्यासारखं. आपलं जेवणानंतरचं ताक त्याच मापाने घातलं तर पाणीच जास्त जातं, पीठ सरबरीत होतं आणि वाफ थांबता थांबत नाही. तीन भाग दही आणि एक भाग पाणी घुसळलं की काम भागतं. पीठ पळीवाढं हवं: पळीतून जाड धारेने पडणारं, पण साच्यावर पडल्यावर आपणहून कडेपर्यंत न धावणारं. ताकाचं आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड लगेच सुटतो. बाजारातली बहुतेक बेकिंग पावडर थोडा वायू भिजताना सोडते आणि उरलेला आच लागल्यावर. दोन्ही वापरण्याचं कारण हेच. वायूने पीठ सच्छिद्र होतं, आणि त्या छिद्रांतूनच वाफेला बाहेर यायला वाट मिळते. दाट, छिद्रहीन पिठातलं पाणी कोंडून बसतं.

६० ग्रॅम लोणी हा आकडा वाचून दचकणारे असतील. तेवढ्याच मैद्याच्या पॅनकेकला याच्या निम्म्याने भागतं. पण पॅनकेक मऊच व्हायचा असतो. वॉफलच्या कवचातून पाणी निघून गेल्यावर जी जागा उरते तिथे स्निग्धांश पसरतो, उष्णता सारखी पोचवतो आणि कवचाला तळल्यासारखा खुसखुशीतपणा देतो. लोणी कमी केलं तर वॉफल कोरडं होतं, पण ते कोरडेपण पुठ्ठ्याचं असतं. आरोग्याची काळजी असेल तर वॉफल महिन्यातून एकदा करावं. रोज करून त्यातलं लोणी काढू नये, असं माझं मत आहे.

आपल्या घरात लोण्यापेक्षा सरस एक गोष्ट असते. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि पंधरा-सोळा टक्के पाणी असतं. ६० ग्रॅम लोण्याबरोबर नऊ-दहा ग्रॅम पाणी पिठात जातं. साजूक तूप म्हणजे हेच पाणी आटवून काढलेलं लोणी. ६० ग्रॅम लोण्याऐवजी ५० ग्रॅम तूप घेतलं की स्निग्धांश तेवढाच राहतो, पाणी जातं, आणि कढवताना बेरीतून उतरलेला खमंगपणा फुकट मिळतो. युरोपातले आचारी यासाठी मुद्दाम लोणी तपकिरी होईपर्यंत तापवतात. आपल्याला बरणी उघडली की झालं.

अंडं न खाणाऱ्यांनी अंड्याचं काम काय ते समजून घेतलं की पर्याय सापडतो. त्यातली प्रथिनं आचेवर घट्ट होऊन सांगाडा उभा करतात. बलकातलं लेसिथिन पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवतं. दोन मोठे चमचे बेसन घातलं तर प्रथिनांची उणीव थोडी भरून निघते आणि रंगही छान येतो. बिनअंड्याचं वॉफल भाजताना मात्र धीर लागतो. सांगाडा कमकुवत असल्यामुळे लवकर झाकण उचललं तर मधोमध फाटून अर्धं वर आणि अर्धं खाली चिकटून येतं. वाफ थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबावं. झाकण हलकेच उचलून पाहावं. जोर लागत असेल तर वॉफल अजून तयार नाही. पूर्ण भाजलेलं वॉफल आक्रसतं आणि आपणहून सुटतं.

चिकटण्यावरून एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओरेगन विद्यापीठाचे धावपटूंचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बुटाच्या तळव्याला नवी पकड कशी द्यावी या विचारात होते. घरी वॉफलं होत असताना त्यांची नजर साच्यावर पडली. खणांऐवजी उलटे उंचवटे असलेला तळवा! त्यांनी बायको बार्बराचं वॉफलयंत्र घेऊन त्यात युरेथेन ओतलं. साच्याला आधी काही लावायचं मात्र राहून गेलं, आणि यंत्र जे मिटलं ते कायमचं. पुढच्या प्रयोगांतून तळवा जमला आणि १९७४ मध्ये नायकेचा वॉफल ट्रेनर बूट बाजारात आला. पॅरिसच्या त्या गृहस्थाचं तेलाचं फडकं बॉवरमनना कुणी सांगायला हवं होतं. आपण तेलाचा पातळ हात ब्रशने द्यावा. डब्यातून फवारायचं तेल टाळावं, कारण त्याचा चिकट थर नॉनस्टिक प्लेटांवर बसतो आणि मग निघत नाही. सुटं करायला लाकडी चमचा किंवा बांबूची काडी घ्यावी. काटा-सुरी वापरून प्लेटांवर ओरखडे पाडू नयेत.

यंत्र पूर्ण तापायला पाच ते दहा मिनिटं लागतात आणि ती द्यावीत. थंडगार पीठ पडलं की प्लेटांचं तापमान कोसळतं. मुळात कमी तापलेल्या प्लेटांवर पाणी उडून जाण्याऐवजी पिठातच शिजत राहतं. पीठ मधे ओतावं, कडेला बोटभर जागा सोडून. झाकण दाबू नये. वाफेच्या जोराने ते आपोआप थोडं उचललं जातं, आणि ते तसं उचललं जायला हवं.

आणि मग सगळी मेहनत ताटलीत वाया जाते. गरम वॉफल सपाट ताटलीत ठेवलं की खालच्या बाजूने निघणारी वाफ ताटलीवर साचते, तिचं पाणी होतं, आणि दोन मिनिटांत तळ भिजतो. एकावर एक रचून ठेवली तर वरच्याची वाफ खालच्यात, खालच्याची वरच्यात. वर झाकण ठेवणं म्हणजे तर हात धुऊन त्यांच्या मागे लागणं. पोळ्या मऊ राहाव्यात म्हणून आपण नेमकं हेच करतो, त्यामुळे सवय आडवी येते. वॉफलं तारेच्या जाळीवर, एकमेकांना न टेकता, उघडी ठेवावीत. ओव्हन असेल तर ९० ते १०० अंशांवर त्याच जाळीसकट आत सरकवावीत. सगळ्यांची होईपर्यंत ती तशीच राहतात.

ज्यांना रात्रीच तयारी करून सकाळी निवांत उठायचं आहे, त्यांच्यासाठी यीस्टचं पीठ उत्तम. अमेरिकेतल्या मॅरियन कनिंगहॅम यांनी १९८७ च्या 'द ब्रेकफास्ट बुक' या पुस्तकात ही जुनी रीत पुन्हा लोकांसमोर आणली. रात्री मैदा, कोमट दूध, लोणी, चिमूटभर साखर, मीठ आणि यीस्ट कालवून ठेवायचं, सकाळी अंडी आणि किंचित सोडा घालून लगेच भाजायचं. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घराला यात नवीन काही वाटणार नाही. फक्त त्या रीतीत पीठ रात्रभर ओट्यावर ठेवतात, ते आपल्या हवेत जपूनच करावं. मुंबईच्या मे महिन्यातल्या रात्री ते पातेल्याबाहेर येऊन सकाळी आंबट वास देईल. तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

यीस्ट बेल्जियमच्या दोन्ही प्रसिद्ध वॉफलांत आहे, आणि ती दोन्ही एकमेकांपासून फार वेगळी आहेत. ब्रसेल्सचं वॉफल हलकं, आयताकृती, खोल खणांचं, पातळ पिठाचं. लिएजचं वॉफल पिठाचं नसून मळलेल्या कणकेचं, लोणी आणि अंडी घालून ब्रेडसारखी फुगवलेली कणीक, जिच्यात मोत्यांएवढे साखरेचे खडे असतात. साच्यात हे खडे बाहेरून वितळून कॅरमेल होतात आणि आत दाताखाली कुरकुरतात. त्या खड्यांच्या जागी आपली खडीसाखर कुटून घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. खडीसाखर म्हणजे सलग, टणक स्फटिक. ती तेवढ्या वेळात विरघळत नाही आणि दाताखाली खड्यासारखी येते. बेल्जियमचे खडे बारीक साखर दाबून केलेले असतात. चहाच्या साखरेचे चौकोनी ठोकळे जाडसर फोडून घेतले तर बरंच जवळचं काही हाती लागतं.

जगभर 'बेल्जियन वॉफल' या नावाने जे विकलं जातं, ते ब्रसेल्सच्या वॉफलचं न्यूयॉर्कमध्ये झालेलं नामांतर आहे. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मॉरिस फर्मर्श या बेल्जियन माणसाने ते स्ट्रॉबेरी आणि फेटलेली साय घालून विकलं आणि लोकांच्या रांगा लागल्या. स्वतः बेल्जियममध्ये ते मुख्यतः दुपारी, रस्त्याकडेला उभं राहून खायचं खाणं आहे. त्याला सकाळच्या टेबलावर अंडी आणि मेपल सिरपच्या शेजारी बसवलं ते अमेरिकेने.

वॉफल कुरकुरीतच हवं असं मी इतका वेळ म्हणतोय, पण नॉर्वेत गेलात तर हे बोलणं मागे घ्यावं लागेल. तिथलं वॉफल हृदयाच्या आकाराच्या पाच पाकळ्यांचं, पातळ आणि मुद्दाम मऊ असतं. त्यावर जॅम आणि आंबट साय, किंवा गोडसर तपकिरी चीजचे काप घालून ते दुमडतात. ते दुमडता यायला हवं, म्हणून त्यात पाणी थोडं राहू देतात. आणि त्या पिठात बहुधा वेलदोड्याची पूड असते! पश्चिम घाटाच्या जंगलातला हा मसाला उत्तर युरोपच्या गोड पदार्थांत इतका रुजलाय की तिथल्यांना तो आपलाच वाटतो. आपल्या पिठात चार वेलदोडे कुटून घालायला त्यामुळे कुणाच्या परवानगीची गरज नाही.

वर काय घालावं याची चर्चा फार होते; मला तिच्यात कमी रस आहे. मेपलच्या झाडाचा सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, त्यात ते दूरदेशाहून येतं, म्हणून महाग. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली काकवी त्याच्या जागी नुसती चालते असं नाही, तिच्यातला किंचित खारट, करपट गोडवा तुपातल्या वॉफलला जास्त शोभतो. ताटलीत वाढल्यावर, खायच्या क्षणी घालावी. फळं आणि साय यांत भरपूर पाणी असतं, त्यामुळे त्यांनी सजवून फोटो काढत बसलं की मघाशी हाकललेलं पाणी परत आत येतं. तिखटामिठाच्या वाटेने जायचं असेल तर उरलेलं इडलीचं पीठ तेल लावलेल्या साच्यात झकास कुरकुरतं. तांदळात ग्लूटेन नसल्याचा इथे फायदाच होतो. उपासाच्या दिवशी साबुदाणावड्याचं सारण साच्यात दाबलं तर तळणीचं तेल वाचतं. वड्याची चव त्याला येत नाही, तरी वाईट लागत नाही.

वॉफलं नेहमी जास्तच करावीत, कारण ती टिकवता येतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या फ्रँक डॉर्साने १९५३ मध्ये गोठवलेली वॉफलं दुकानांत आणली, तीच पुढे 'एगो' या नावाने घरोघरी गेली. घरी तेच करताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो: फ्रीजर चालतो, फ्रिज चालत नाही. शिजलेल्या पिठातला स्टार्च निवल्यावर पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो आणि पाव शिळा होतो तसं वॉफल निबर होतं. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत. गोठवल्यावर ती जवळपास थांबते. म्हणून वॉफलं जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावीत. कोमट असताना पिशवीत भरली तर वाफेचा बर्फ होऊन त्यांच्यावरच बसतो. मग ती सुटी सुटी तासभर ताटात गोठवून घ्यावीत आणि नंतर एकत्र पिशवीत भरावीत. शाळेच्या घाईच्या सकाळी त्यांना वितळायला बाहेर काढून ठेवू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. फ्रीजरमधून थेट टोस्टरमध्ये सोडावं, एकदा हलक्या आचेवर आतून गरम व्हायला आणि पुन्हा एकदा जरा जास्त आचेवर, कवच सुकायला.